ड्रॅगन बघितला, भोक बघितलंच नाही : एका खोट्या त्सुबाची पूर्ण केस

वजन ८६.३ ग्रॅम, व्यास साधारण ७४ मिलिमीटर, कडेला जाडी ५ मिलिमीटर. लोखंडी, गोल, आरपार कोरलेला ड्रॅगन स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसलाय, डोळ्यात सोन्याचा ठिपका, मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अक्षरांची सही. किंमत २२,००० येन, म्हणजे तेव्हाचे बारा-तेरा हजार रुपये. हा आपला पेशंट, जपानी तलवारीची परज. आणि हा पेशंट विकत घेणारा शहाणा म्हणजे मी, ज्याने कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या एका फाउंड्रीत चार वर्षं ओतीव लोखंड बघण्यातच काढली. म्हणजे ज्याला हे पहिल्या मिनिटात कळायला पाहिजे होतं त्यालाच कळायला सव्वा महिना लागला, म्हणून तर सगळं सविस्तर लिहितोय.

आता मी टोकियोत असतो, निशी-कासाईला, जिथं दर तिसऱ्या बिल्डिंगमध्ये आपलं कोणीतरी भेटतंच. मित्राचे काका कोल्हापुरात मर्दानी खेळाचे वस्ताद, घरात जुन्या तलवारी, पट्टे, बिचवे असं बरंच काही जपून ठेवलेलं. गेल्या वर्षी सुट्टीत भेटलो तर म्हणाले, तिकडं आहेस तर जपानी तलवारीची एक परज घेऊन ये की, पातं नको, त्याची लफडी नकोत. बरोबरच होतं त्यांचं, जपानात पात्याला नोंदणीचं कार्ड लागतं, नुसत्या परजेला काही लागत नाही. ह्या परजेला जपानीत त्सुबा म्हणतात. आपल्या तलवारीची परज मुठीवरून वळून बोटं झाकते, त्सुबाचं तसं नाही, ती एक चपटी चकती, मूठ आणि पातं यांच्या मध्ये, पात्याचा मुठीत जाणारा भाग तिच्यातून आरपार जातो. तलवार उतरवली की चकती सुटी होते, बदलता येते, एकाच तलवारीला सणाची वेगळी आणि रोजची वेगळी असंही लोक ठेवायचे. म्हणूनच त्सुबा हा स्वतंत्रपणे जमवायचा नाद झाला. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार लावून फिरायला बंदी घातली तेव्हा हे काम करणाऱ्यांचा धंदा बसला आणि हजारो त्सुबा बाजारात आल्या, कितीतरी युरोप-अमेरिकेला गेल्या. आणि जिथं परदेशी गिऱ्हाईक आलं तिथं त्याच्यासाठी मुद्दाम बनवलेला मालही आलाच की. योकोहामा बंदरातून जाणाऱ्या असल्या मालाला जपानी लोक आजही हामामोनो म्हणतात, हामा म्हणजे योकोहामातलं हामा.

तर एका देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुना बाजार भरतो, तिथं गेलो. किमोनो, कपबशा, जुने कॅमेरे, आणि एका आजोबांच्या ताडपत्रीवर किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत, आत निळ्या उशीवर ही बाई. पेटी पिवळसर झालेली, उशीला वास जुन्या कपाटाचा. आजोबा म्हणाले एदो काळातली, म्हणजे मेइजीच्या आधीची, एचिझेनची, किनाईची. सांगितले २८,०००, दिली २२,००० ला. मी मोबाईलवर तिथंच उभ्या उभ्या बघितलं, किनाई घराणं खरंच होतं, एचिझेन प्रांतात म्हणजे आजच्या फुकुई भागात, लोखंडात कोरलेले ड्रॅगन ही त्यांची ओळख, शिवाय एदो काळ सुरू करणारा सत्ताधीश तोकुगावा इएयासु, त्याने आपल्या नावातलं अक्षर ज्याला दिलं त्या यासुत्सुगु लोहाराच्या पात्यांवर कोरीव काम करणारे पण हेच. सगळं जुळत होतं. एवढं जुळल्यावर माणूस अजून काय बघणार, मी पैसे काढले.

घरी येऊन खिशातलं चुंबक लावलं, चिकटलं. म्हणजे लोखंड. म्हणजे खरी. (हे असलं लॉजिक इंजिनियर माणसाने केलं, हसू नका.)

काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा लावला, ड्रॅगन बघितला, छान आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "ते मधलं भोक दाखव." दाखवलं. "अजून जवळ." मोबाईल टेकवला जवळजवळ. जरा वेळ गप्प, मग, "अरे लेका, ही बसली होती कुठल्या तलवारीवर?" मी म्हणलं काका ते कसं कळणार, तलवार तर नाही ना. तर म्हणाले, "तलवार नसू दे, तलवार बसलेली तर दिसायला पाहिजे का नको? घासलंय कुठं ते दाखव." मला दाखवता आलं नाही. कॉल संपला आणि मी पहिल्यांदा ड्रॅगन सोडून भोक बघायला लागलो.

इथं जरा थांबून त्सुबा बसते कशी ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मधल्या भोकाला नाकागो-आना म्हणतात, आकार उभट, एका टोकाला निमुळता, पात्याच्या कापासारखा. भोकाभोवती लांबट गोल सपाट जागा सोडलेली असते, तिला सेप्पा-दाई म्हणतात, कारण तिथं दोन्ही बाजूंनी सेप्पा नावाचे पातळ वॉशर बसतात, बहुतेक तांब्याचे. सही असली तर ती बहुतेक करून ह्याच जागेत, म्हणजे तलवार जोडलेली असताना सही दिसतच नाही, झाकलेली. शेजारी कधी एक कधी दोन जास्तीची भोकं असतात, म्यानाला लावलेली छोटी सुरी आणि काडी बाहेर यायला, एक अर्ध्या चंद्रासारखं आणि दुसरं तीन पाकळ्यांचं. आता एक त्सुबा दीडशे-दोनशे वर्षांत एकाच पात्यावर थोडीच राहते? नवीन पातं आलं की भोक मोठं पडतं किंवा लहान पडतं. लहान पडलं तर कानस मारायची. मोठं पडलं तर भोकाच्या वरच्या-खालच्या टोकाला तांब्याचा तुकडा ठोकून बसवायचा, त्याला सेकिगाने म्हणतात, आणि तो पात्याच्या मापाने घासायचा. नाहीतर भोकाच्या कडेला छिन्नीने ठोके मारून लोखंड आत सरकवायचं, म्हणजे पातं घट्ट बसतं. प्रत्येक मालकाने काहीतरी करून ठेवलेलं असतं. म्हणून जुन्या त्सुबाचं भोक बघणं म्हणजे जुन्या घराचा सातबारा बघण्यासारखं आहे, फेरफार दिसले पाहिजेत, आणि कुठला आधी कुठला नंतर तेही दिसलं पाहिजे.

माझ्या त्सुबाला सेकिगाने होते. ठोक्यांच्या खुणा पण होत्या. म्हणजे बनवणारा अडाणी नव्हता, त्याला माहिती होतं की लोक हे बघतात. म्हणून पहिल्या नजरेला मी फसलो हे मी स्वतःला थोडं माफ करतो. पण मग टेबल लॅम्प लावून दहा पटीच्या भिंगातून बघितलं तर सगळा गोंधळ बाहेर आला. लोखंड काळं. ठोक्यांच्या खुणा आतून काळ्या. सहीच्या रेघा आतून काळ्या. ठीक आहे, लोखंड आहे, असेल. पण तांब्याचे तुकडे पण काळे, तोच काळा, त्याच चमकेचा. आणि भोकाची आतली भिंत, जिथून पातं शेकडो वेळा आत-बाहेर झालं असेल, ती पण एकसारखी काळी. खऱ्या तुकड्यात लोखंडाचा रंग वेगळ्या वयाचा, तांब्याचा वेगळ्या, शेवटच्या मालकाच्या ठोक्याचा अजून वेगळा, आणि पातं घासतं तिथं तर वरचा थर उडून गुळगुळीत झालेलं. इथं मात्र सगळे एकाच दिवशी आंघोळ करून आल्यासारखे. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन बायकोकडून घेतलं, कापसाच्या काडीला लावून भोकाच्या आत फिरवलं, काडी काळी झाली. गंजाचा काळा अ‍ॅसिटोनने निघत नाही. काही खऱ्या त्सुबांवर उरुशी लाखेचा हात असतो हे खरंय, पण वाळून पक्की झालेली उरुशी अशी पुसून येत नसते. हा साधा रंग. (ज्यांच्याकडे खरी असायची शक्यता आहे त्यांनी हा उद्योग करू नये, माझा संशय तोपर्यंत पक्का होत आला होता म्हणून मी केला, आणि तरी हात थरथरत होता.)

ठोक्यांच्या खुणांची अजून एक गंमत. भोकाला ठोके मारतात ते लोखंड आत ढकलायला, म्हणजे ठोका पडला तिथं भोकाची कड थोडी आत फुगलेली दिसायला पाहिजे. माझ्या तुकड्यात ठोके होते आणि कड सरळच्या सरळ. म्हणजे ठोका कधी पडलाच नाही, साच्यातूनच ठोक्याचं चित्र आलेलं. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसलो, बायको विचारते काय झालं.

इथून पुढं माझी फाउंड्री जागी झाली. ओतकाम म्हणजे साच्याचे दोन अर्धे, आणि दोन अर्धे जिथं मिळतात तिथं पार्टिंग लाइन येते, पातळ पापुद्रा येतो, त्याला आपण फ्लॅश म्हणतो. फेटलिंगवाले तो घासून काढतात. बाहेरच्या कडेला सहज निघतो, इथंही काढलेला, कड छान होती. पण आरपार कोरलेल्या कामात आतल्या भिंती असतात, ड्रॅगनचा पंजा आणि पोट यांच्या मधली फट दोन मिलिमीटरची, तिथं फेटलिंगवाल्याची कानस जात नाही. आणि तिथं, भिंतीच्या बरोबर मधोमध, केसाएवढी उंच रेघ सगळ्या फटीतून फिरलेली. शिरोलीत अशी रेघ मी हजारो जॉबवर बघितलीये. हाताने कोरलेल्या कामात फटीत काय दिसतं? करवतीचे, कानसीचे ओरखडे, आणि ते एका पृष्ठभागाकडून दुसऱ्याकडे जाणारे. मधोमध रेघ उठायचं काही कारणच नाही.

मग खवले. ड्रॅगनचे खवले कोरायचे म्हणजे एकेक खवला छिन्नीने, दोनशे-तीनशे वेळा तेच, त्यात कुठंतरी हात चुकतो, एक खवला तिरका, एक लहान, पण प्रत्येकाची कड मात्र धारदार. माझ्या ड्रॅगनचे खवले साबणाच्या वडीवरच्या नावासारखे, आहेत पण वितळलेले. दोन खवल्यांच्या खाचेत बारीक दाणे, म्हणजे साच्याची वाळू सुटली की येतात तसे उंचवटे. हे फार कामाचं आहे: हत्याराने लोखंड काढलं तर खाचेत खोलगट खुणा राहतात, उंच दाणे कोपऱ्यात राहू शकत नाहीत कारण हत्यार तिथूनच गेलेलं असतं. आणि शेपटीजवळ एक टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा, तळ गोल, गुळगुळीत. ब्लोहोल. गॅस अडकला की होतो. गंजाचा खड्डा वाकडातिकडा असतो, तळाला खरबरीत, आजूबाजूला अजून चार भावंडं घेऊन. हा एकटाच आणि लाडूसारखा गोल.

सहीबद्दल जास्त बोलणार नाही कारण सही हा लोकांचा आवडता विषय आणि सगळ्यात कमी भरवशाचा. छिन्नीने लोखंडात अक्षर कापलं की रेघ छोट्या पाचरींची बनते, प्रत्येक ठोक्याला एक पाचर, तळ टोकदार, कडेला लोखंड किंचित वर उठतं. ओतलेल्या अक्षराचा तळ पन्हाळीसारखा गोल असतो. माझी सही पन्हाळी होती, संपलं. पण समजा ती छान कापलेली असती तरी काय? किनाई घराण्यात पिढ्यानपिढ्या लोक तेच नाव घालत आले, शिवाय जुन्या साध्या त्सुबावर नंतर कोणी मोठ्याचं नाव कोरायचा उद्योग एदो काळातही चालायचा, त्याला गिमेई म्हणतात, वस्तू खरी आणि नाव खोटं. आणि एक उत्सुशी असतं, जुन्या नामी कामाची मानाने केलेली नक्कल, करणारा स्वतः सांगतो की ही नक्कल आहे, स्वतःची सही घालतो. हे तिन्ही एकाच पोत्यात घालून नकली म्हणणारे लोक मला नंतर बरेच भेटले. माझा तुकडा यातल्या कुठल्याच इज्जतदार प्रकारात बसत नव्हता.

डोळ्यातलं सोनं. जपानी कामात लोखंडावर सोनं चढवायची एक पद्धत आहे, नुनोमे-झोगान, लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून जाळी करायची आणि त्यावर सोन्याचा पत्रा दाबून बसवायचा. वाचताना लगेच डोक्यात आलं, अरे ही तर आपली कोफ्तगिरी. काकांकडच्या एका मुठीवर आहे, अर्धं सोनं उडालंय आणि खाली जाळी दिसते. म्हणजे खरं सोनं उडालं तरी पुरावा ठेवून जातं. माझ्या ड्रॅगनच्या एका डोळ्यातलं सोनं अर्धं उडालेलं होतं आणि खाली गुळगुळीत काळं. सोनेरी रंगाचा थेंब होता तो.

एवढं झाल्यावर पण माझ्यातला इंजिनियर म्हणत होता आकडा पाहिजे. घडीव लोखंडाची घनता साधारण ७.७ ते ७.८, आणि ओतीव करड्या लोखंडाची ७.१ ते ७.३, कारण त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात भरलेला असतो आणि ग्रॅफाइट हलका. स्वस्तातल्या नकली तलवारींवर जस्ताच्या मिश्रधातूच्या त्सुबा येतात, त्या ६.६-६.७ च्या आसपास, आणि त्यांना चुंबक पण लागत नाही. (जस्ताला नावं ठेवत नाही हां, बिदरी काम जस्ताचंच असतं आणि काय देखणं असतं, पण त्याने तलवारीचा वार अडवायचा नसतो.) दागिन्यांचा काटा घेतला, ०.०१ ग्रॅमचा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य केला, त्सुबा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी लोंबकळत धरली. काटा जे ग्रॅम दाखवतो तेवढे घनसेंटिमीटर तिचं आकारमान. नक्षीत बुडबुडे अडकतात, ते ब्रशने काढायचे, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की सोपं जातं. तीन वेळा केलं, सरासरी ११.९५. भागाकार करा, ८६.३ भागिले ११.९५ म्हणजे ७.२२. घडीव असती तर काटा ११.१ च्या आसपास थांबला असता. पाऊण-एक ग्रॅमचा फरक, किचनच्या काट्यावर दिसणारच नाही, दागिन्यांच्या काट्यावर स्पष्ट. लगेच पुसून हेअर ड्रायरने वाळवली, सवय म्हणून, खरं तर तिला काही फरक पडणार नव्हता.

हा आकडा पण डोळे झाकून घेऊ नका. खूप गंज असेल तर घनता खाली येते, तांब्या-सोन्याचं काम जास्त असेल तर वर जाते, ७.५ आला तर तुम्ही परत होतात तिथंच. आणि ही परीक्षा फक्त साध्या लोखंडाची. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं घालून केलेला निळसर काळा धातू, किंवा शिबुइची म्हणजे नावाप्रमाणे तांब्यात चौथा हिस्सा चांदी, ह्याच्या अस्सल त्सुबा ढिगाने आहेत, त्यांना चुंबक लागत नाही आणि माझं ७.८ चं गणित तिथं काही कामाचं नाही. चुंबक लावून लोखंड नाही म्हणून खोटी ठरवणारा आणि चिकटलं म्हणून खरी ठरवणारा, दोघेही सारखेच, आणि त्यातला दुसरा मी होतो. लोक दोऱ्याला टांगून काडीने वाजवूनही बघतात, घडीव लोखंड टण्ण् वाजतं, ओतीव टप्प. माझी टप्पच वाजली. पण घडीव तुकड्यात कुठं चीर असली तरी आवाज मरतो, म्हणून आवाजाला मी साक्षीदार मानतो, पंच नाही. आणि लाकडी पेटी तर सोडूनच द्या, किरीच्या पेट्या त्सुबाच्या मापाच्या वेगळ्या विकत मिळतात, जुन्याही आणि नव्याही, पेटीचा आणि आतल्या मालाचा लग्नाचा दाखला कोणी बघत नाही.

केस बंद झाली ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. एका रात्री झोप येईना म्हणून ऑनलाइन लिलावातले संपलेले सौदे चाळत बसलो, एचिझेन, किनाई, ड्रॅगन, लोखंड असं टाकून. शंभरेक फोटो बघितले असतील, आणि एकदम माझीच त्सुबा. रंग वेगळा, ही तपकिरी, गंजलेली दिसेल अशी केलेली, सेकिगाने नाहीत. पण फोटो मोठा करून शेपटीजवळ गेलो तर तोच खड्डा. त्याच जागी, तसाच लाडूसारखा गोल. अर्ध्या तासात अजून दोन सापडल्या, वेगवेगळ्या विकणाऱ्यांच्या, खड्डा तिथंच. आता हे कसं ते सांगतो, कारण फाउंड्रीत नसलेल्याला पटकन लक्षात येत नाही. ब्लोहोल प्रत्येक ओतकामात वेगवेगळ्या जागी येतं, त्याचा काही नेम नसतो. चार तुकड्यांवर एकाच जागी आलं म्हणजे ते त्या चार ओतकामांचं नाहीच, ते मूळ नमुन्यावर आहे ज्यावरून साचा काढला. म्हणजे तो नमुनाच आधी कधीतरी ओतलेला, त्याच्यावरून साचा, त्याच्यावरून हा माल. नकलेची नक्कल. म्हणून खवले एवढे वितळलेले, प्रत्येक वेळी साचा काढताना धार थोडी मरते. हाताने केलेल्या दोन वस्तू एका घराण्याच्या, एका नमुन्याच्या असू शकतात, पण त्यांच्या चुका सारख्या नसतात. पुण्यात कसब्यात तांबट आळीत ठोक्याची भांडी बघितली असतील तर हेच, हाताच्या माठारकामात ठोका कुठं दाट कुठं विरळ, आणि मशीनच्या मालावर सगळे ठोके जुळे भाऊ.

आजोबांकडे पुढच्या महिन्यात गेलो. भांडायला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. फोटो दाखवले, त्यांनी बघितले, डोकं वाकवलं, म्हणाले मला पण माहिती नव्हतं, मी पण कोणाकडून तरी घेतली. पैसे परत द्यायचा विषय त्यांनी काढला नाही आणि ताडपत्रीवरच्या व्यवहारात मी तरी कुठल्या तोंडाने काढणार. खरं सांगत असतील असं मला आजही वाटतं, पन्नास टक्के.

नंतर शरदात शिम्बाशीला टोकियो बिजुत्सु क्लबमध्ये दाई तोकेन इची भरतं, तलवारींचा मोठा बाजार, तिथं गेलो. ह्यावेळी विकत घ्यायला नाही, हातात धरायला. एका दुकानदाराकडे किनाईचा कागद, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून दिलेला दाखला, असलेला ड्रॅगन होता, विचारलं बघू का, म्हणाला बघा. त्सुबाच्या सपाट बाजूवर बोट लावायचं नाही, कडेने धरायची, तिच्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही कारण थुंकीने लोखंड गंजतं, एवढं शिकून गेलो होतो. बापरे. खवल्याची कड नखाला लागते, फटीत कानसीचे ओरखडे, आणि सेप्पा-दाईवर सेप्पाच्या आकाराचीच लांबट सावली, आत रंग वेगळा, बाहेर वेगळा, जिथं वॉशर वर्षानुवर्षं दाबून बसला होता तिथं. काकांनी जे विचारलं होतं ते हे. किंमत माझ्या तुकड्याच्या कितीतरी पट, हळूच खाली ठेवली. मग खिशातून माझी काढून दाखवली. दुकानदाराने हातातही घेतली नाही नीट, अंगठा भोकाच्या कडेवरून एकदा फिरवला आणि हसून म्हणाला, जुग्योर्यो. म्हणजे शिकवणीची फी. इथं सगळ्यांनी ती कधी ना कधी भरलेली असते म्हणे.

त्याच्याशी बोलताना माझी एक चूक पण सुधारली. मी म्हणलं भोकात घासल्याची खूण नसली की खोटी, बरोबर ना? तो म्हणाला, नाही. एदोच्या शेवटी शेवटी कितीतरी त्सुबा नजराणा म्हणून दिल्या गेल्या, पेटीतच राहिल्या, पात्यावर चढल्याच नाहीत, त्यांचं भोक कोरं आणि त्या अगदी अस्सल. म्हणजे कोरं भोक चालतं. वापरल्याचं नाटक केलेलं भोक चालत नाही. माझ्या तुकड्याने सेकिगाने आणि ठोके लावून नाटक केलं नसतं तर भोकावरून मी तिला पकडू शकलो नसतो, फक्त ओतकामावरून. आणि ओतकामाबद्दल पण तिथं वाद आहेत, एदोच्या शेवटी काही त्सुबा ओतूनच केल्या असं म्हणणारे आहेत आणि ते ऐकून तापणारे पण आहेत. मी त्या भांडणात नाही, मला चार जुळ्या भावंडांचा खड्डा पुरला.

शेवटी काकांसाठी एक साधी घेतली, लोखंडी, चार पाकळ्यांची मोक्को आकाराची, सही नाही, नक्षी जवळजवळ नाहीच, होझोन कागद असलेली. हा कागद निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई देते, १९४८ ची संस्था, तिचं तलवारींचं म्युझियम टोकियोतच रयोगोकूला आहे, २०१८ पासून. कागदाच्या चार पायऱ्या, होझोन ही सगळ्यात खालची, पण कागदावर त्या तुकड्याचा फोटो असतो, तो वस्तूशी ताडून बघायचा, तेवढं मी दुकानात उभं राहून दहा मिनिटं केलं, दुकानदार वैतागला असेल.

दिवाळीत कोल्हापूरला दोन्ही घेऊन गेलो. काकांनी साधी हातात घेतली, ड्रॅगनकडे बघितलंही नाही, भोकात अंगठा घातला, फिरवला, खालच्या टोकाला तांब्याचा झिजलेला तुकडा होता त्याच्यावर थांबला. "दोन तलवारी बघितल्यात हिनं," म्हणाले, "कदाचित तीन." मी विचारलं खोटी टाकून देऊ का, तर नको म्हणाले, राहू दे. आता दोन्ही त्यांच्या काचेच्या कपाटात आहेत. खोटी पुढं, खरी मागं, कारण आखाड्यातली पोरं येतात ती ड्रॅगनच बघतात.